टेपमधला जय

माझा गळा मोर्च्यात तयार झाला असं आमच्या कामगार संघटनेचे कार्यकर्ते सांगतात. खोटं आहे. तो वणी-नाशिक रस्त्यावर तयार झाला, एका सायकलच्या कॅरियरवर बसून.

सातपूरच्या आमच्या वसाहतीतलं मंडळ दरवर्षी घटस्थापनेच्या आधी सप्तशृंगीच्या गडावर जायचं. गडावर मशाल पेटवायची आणि ती पळत पळत वसाहतीतल्या मांडवात आणायची. हिला ज्योत म्हणतात. त्या दिवसांत आमच्या जिल्ह्यातल्या कुठल्याही रस्त्यावर उभं राहा, ज्योत घेऊन पळणारी पोरं दिसतील. नियम दोनच. ज्योत जमिनीला टेकवायची नाही आणि थांबवायची नाही. एक दमला की दुसऱ्याने पळता पळता ती हातात घ्यायची.

पळणाऱ्याच्या शेजारून सायकल चालायची. कॅरियरवर हाळी देणारा. काही वर्षं तो मी होतो. मी ओरडायचो, "बोल अंबे मात की", आणि पळणारा म्हणायचा, "जय". बघणाऱ्यांना वाटायचं, काय भक्ती आहे. भक्ती होतीच. शिवाय सलग पळताना पायांच्या आधी डोकं कंटाळतं, त्याला काहीतरी चघळायला लागतं. हाळी आली की माणूस अजून चार विजेचे खांब पार करतो. पण हाळीचं खरं काम वेगळं होतं आणि ते मंडळातल्या प्रत्येकाला माहीत होतं. जय लांब आला तर माणसात दम आहे. जय मधेच तुटला तर पुढच्या फाट्यावर बदली. जय आलाच नाही, तर तिथल्या तिथे ज्योत काढून घ्यायची, तो कितीही नको म्हणो. कुणी हे कुठे लिहिलेलं नव्हतं. हाळी देणाऱ्याचा अर्धा जीव तोंडात असायचा आणि अर्धा कानात.

सगळ्यांत लांब जय माझ्या मामाचा.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, वणीजवळच्या गावातून नाशकात कामाला आलेला, आमच्याकडेच राहायचा. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा, त्यामुळे आमचं बोलणं अरे-तुरेचं. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात तो कंत्राटी हेल्पर होता. काही महिने काम झालं की कंत्राटदार चार दिवसांचा ब्रेक द्यायचा, आणि मग तोच माणूस त्याच मशिनवर नवा म्हणून भरती व्हायचा. असा मामा वर्षानुवर्षं नवाच होता. याच ब्रेकच्या विरोधात मी कॉलेजात असताना पहिलं पत्रक लिहिलं. मामाने ते उलटंपालटं करून बघितलं.

"भाचेबुवा, झ्याक लिव्हलंय. ह्याच्यानं कोण परमनंट झालं का आजवर?"

"अजून नाही."

"मंग तू लिही, मी पळतो. बघू कोणाचं आधी होतं."

हे थट्टेतलं बोलणं नव्हतं. कारखान्याचे मालक शर्यतींचे शौकीन होते. औद्योगिक वसाहतीच्या स्पर्धेत कारखान्याचं नाव पुढे आणणाऱ्या एकदोघांना त्यांनी परमनंट केलेलं मामाने स्वतः पाहिलं होतं. म्हणजे हजेरी, हातातलं काम, मशिनने खाल्लेलं नख, यातलं काहीच कामाचं नाही, माणसाने घोड्यासारखं पळून दाखवलं तरच त्याला कामगार म्हणायचं. मला याचा संताप यायचा. मामाला यायचा नाही. तो म्हणायचा, दार हाय ना, मंग कुठूनका उघडंना.

पहिली पाळी सुटली की तो त्र्यंबक रस्त्याला लागायचा. अंजनेरी दिसू लागली की परत. कामावरच्या एकाने दिलेला जुना वॉकमन कमरेला करदोड्याने बांधलेला असायचा, आणि त्यात एकच कॅसेट, ज्योतीत वाजणाऱ्या हलगीची. ती हलगी सुरू झाली की मामाचे पाय तिला चिकटायचे. मी कधी कधी सायकलने बरोबर जायचो.

एकदा परत येताना पिंपळगाव बहुल्याच्या अलीकडे मामा विचित्र पळू लागला. पावलं लांब पडू लागली, मग जड, मग एकेक पाऊल चिखलातून उपसल्यासारखं. मला वाटलं पायाला गोळा आला. मी सायकल पुढे घालून त्याला थांबवलं आणि कानातली तार काढून स्वतःच्या कानाला लावली. सेल उतरले होते. हलगी घोगरी होऊन ओढत चालली होती, आणि मामा तिच्याबरोबर ओढला जात होता.

"दमलास का?" मी विचारलं.

"नाय तर."

"मग असा काय पळतोयस?"

"कसा?" मामा म्हणाला. त्याला खरंच कळलं नव्हतं.

सेल उन्हात ठेवून पुन्हा घातले की थोडं चालायचे, तसं त्याने केलं आणि पुढे निघाला, पहिल्यासारखा, ताठ. मी मागून त्याच्या पोटऱ्यांकडे बघत राहिलो. मला ते आवडलं नाही. आपल्या माणसाचे पाय एका डबीतल्या आवाजाने हलताहेत आणि त्याला त्याचा पत्ता नाही, हे बघायला बरं वाटत नाही.

पुढे मंडळाला नवे अध्यक्ष मिळाले. त्यांना नगरसेवक व्हायचं होतं. पहिल्याच बैठकीत त्यांनी सायकल बंद केली. म्हणाले, "आजूबाजूच्या मंडळांचे टेम्पो बघा, बॉक्स बघा. आपण काय सायकलवर ओरडतोय, भाजीवाल्यासारखं." टेम्पो ठरला, जनरेटर ठरला, माणसाच्या उंचीचे स्पीकर ठरले. आणि एक कॅसेट भरायची ठरली. मेन रोडच्या मागच्या बोळात एकाने खोलीत स्टुडिओ केला होता, तिथे सगळे गेले. हलगी, ढोल, मग हाळी, मग जय. हाळीला बाहेरून एक धंदेवाईक निवेदक आणला, तो मधेमधे अध्यक्षांचं नावही घ्यायचा. जयसाठी मामाला उभं केलं, कारण तसा जय दुसऱ्या कुणाचा नव्हता. बसून, पंख्याखाली, चहा पिऊन मामाने जय दिले. प्रत्येक जय लांब, स्वच्छ, मंदिरातल्या घंटेसारखा घुमणारा.

म्हणजे कॅसेटच विचारणार आणि कॅसेटच उत्तर देणार. मी बैठकीत विचारलं, "मग पळणाऱ्याचं काय?"

अध्यक्ष म्हणाले, "त्याने पळायचं. ओरडायचे कष्ट पण वाचले त्याचे."

सगळे हसले. मामाही हसला.

त्या पावसाळ्याच्या अखेरीस मामाला टायफॉइड झाला. बरेच दिवस अंथरुणात होता. उठला तेव्हा शर्ट त्याच्या अंगावर दांडीवर वाळत घातल्यासारखा दिसायचा. डॉक्टरांनी सांगितलं, इतक्यात जड काम नको, पळणं तर नाहीच. आणि त्याच आठवड्यात अध्यक्ष घरी आले. सोफा नव्हता, कॉटवर बसले.

"यंदा आपण वेगळं करू," ते म्हणाले. "ज्योत एकच माणूस आणणार. गडापासून मांडवापर्यंत, बदली नाही. तुमचे मालक आरतीला येणार आहेत, मी बोललोय. त्यांच्यासमोर तुला उभा करतो. पुढचं माझ्याकडे लागलं."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "तो आत्ता उठलाय आजारातून," ती म्हणाली.

"ताई, देवीचं काम आहे. ती बघेल ना."

अध्यक्ष गेल्यावर आई मामाला म्हणाली, "जिना चढलास तर धापा टाकतोस. गडावरून काय पळणार तू?"

"अक्का, जिन्यात गाणं नसतं," मामा म्हणाला. "पाठीमागं बॉक्स असल्यावर मेलेलं माणूस पळंल."

"तोंडाला काही हाड?"

"बरं, अर्धमेलं."

मी सांगितलं, मालकाने दिलेला शब्दसुद्धा पाळला जात नाही, हा तर मालकाच्या वतीने दुसऱ्याने दिलेला शब्द आहे. मामा बूट साफ करत होता. मान वर न करता म्हणाला, "तुझं खरं हाय. पण मला दुसरं कोण काय देतंय, ते सांग." आमच्या संघटनेच्या सभासदत्वाची एकही पावती त्या कारखान्यात अजून फाटली नव्हती. मी एवढंच ठरवलं की टेम्पोत बसून बरोबर जायचं.

पहाटे गडावर ज्योत पेटली. मामा घाट उतरला, नांदुरी मागे पडली, वणीत लोकांनी त्याच्या पायावर पाणी घातलं, ओवाळलं. तोवर तो छान होता. मोटारसायकलवरचा पोरगा त्याला पाणी द्यायचा, मामा निम्मं प्यायचा, निम्मं डोक्यावर ओतायचा, आणि टेपमधल्या जयबरोबर स्वतःही जय म्हणायचा. पुढे अध्यक्षांची जीप, मधे मामा, मागे टेम्पो. मी ड्रायव्हरशेजारी बसलो होतो. स्पीकरच्या दणक्याने काच थरथरत होती आणि काचेतून दिसणारी मामाची पाठही थरथरत होती.

ऊन चढलं. ऑक्टोबरचं ऊन पावसाळ्यानंतर आलेलं असतं, ते वरून आणि खालून दोन्हीकडून भाजतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना द्राक्षबागांची छाटणी झाली होती. पान म्हणून कुठे नाही, नुसत्या तारा आणि उघड्या काड्या. मजूर बायका काड्यांना डोळे फुटायचं लाल औषध लावत होत्या. आमचा आवाज आला की त्या वळून बघायच्या, मनगटापर्यंत लाल झालेले हात तसेच कपाळाकडे न्यायच्या आणि रंग लागू नये म्हणून न टेकवताच नमस्कार करायच्या. एकीने नमस्कार करता करता हात मधेच थांबवला आणि शेजारणीला काहीतरी म्हणाली. ती मामाकडे बघत होती. ती काय म्हणाली ते मला ऐकू येणं शक्य नव्हतं.

दिंडोरी गेली. मामा आता पाणी डोक्यावर ओतत नव्हता. मोटारसायकलवरच्या पोराने बाटली पुढे केली, मामाने ती पाहिलीच नाही. मी त्याच्या पाठीकडे बघत होतो आणि माझ्या उशिरा लक्षात आलं की शर्ट कोरडा आहे. सकाळी तो पाठीला चिकटलेला होता. आता त्यावर मिठाच्या पांढऱ्या रेघा होत्या आणि वाऱ्याने तो फडफडत होता. एवढ्या उन्हात पळणाऱ्या माणसाला घाम नाही.

"याला थांबवायला पाहिजे," मी ड्रायव्हरला म्हणालो. कानाशी तोंड नेऊन ओरडावं लागलं.

"काही नाही हो, मामा लय दमाचा माणूस," ड्रायव्हर ओरडला. "जय बघा ना कसा येतोय. सकाळपासनं एकदा तुटला नाय."

मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. तो थट्टा करत नव्हता. कॅसेट भरली तेव्हा तो स्टुडिओत होता, त्यानेच सगळ्यांना चहा आणला होता. मी मागच्या फळीकडे वळून पोरांना खूण केली, पुढे बघा, मामा बघा. त्यांनी कान टवकारले, एक जय ऐकला, लांब, स्वच्छ, आणि अंगठे वर केले. वर्षानुवर्षांची सवय. जय लांब येतोय तोवर माणूस ठीक आहे. सगळे मामाला ऐकत होते आणि म्हणून कुणी मामाकडे बघत नव्हतं.

मी दार उघडून उडी मारली आणि पळत त्याला गाठलं. बाजूने बघितलं तर तोंड उघडं, ओठांवर फेसाचा वाळलेला पांढरा थर, डोळे रस्त्यावर पण रस्ता बघत नसलेले. ज्योत मात्र सरळ होती.

"मामा, बोल अंबे मात की," मी ओरडलो.

त्याचे ओठ हलले नाहीत. मागून स्पीकरमधून त्याचाच आवाज आला, "जय".

मी पुन्हा हाळी दिली. पुन्हा मागून जय. मी त्याच्या दंडाला हात लावला, दंड तापलेल्या पत्र्यासारखा होता.

"मामा, कुठं आलो आपण?"

या वेळी त्याने ऐकलं. "गड आला का?" तो म्हणाला. आम्ही सकाळी गड सोडला होता.

मी जीपकडे हात केले. अध्यक्षांनी मागे वळून पाहिलं आणि तळहाताने पुढे चला अशी खूण केली. पुढे म्हसरूळच्या नाक्यावर फोटोवाले त्याची वाट बघत थांबले होते. मग मी टेम्पोकडे धावलो, मागची फळी धरून वर चढलो आणि हाताला लागली ती जाड वायर उपसली.

आवाज गेला. इतकं सुनं झालं की जनरेटरची फटफटसुद्धा हळू वाटली. आणि मग आम्हा सगळ्यांना मामा ऐकू आला. फाटक्या भात्यासारखा, प्रत्येक श्वासाला घशातून कण्हणं. पोरांच्या तोंडावरचा रंग उडाला. मामाची पावलं लांब पडू लागली, मग जड. त्र्यंबक रस्त्यावर सेल उतरले तेव्हा पडत होती अगदी तशी. चार-पाच पावलं तो असा ओढत गेला आणि उभ्याउभ्या गुडघ्यात मोडला. ज्योत खाली टेकायच्या आत एकाने झेलली.

बागेतल्या बायका धावत आल्या. औषध कालवायच्या टाकीत पाणी सोडणारी नळी ओढून आणून त्यांनी मामाला भिजवलं, पदराने वारा घातला. अध्यक्ष जीपमधून उतरले. मला वाटलं, टेम्पो दिंडोरीकडे वळवतील. ते म्हणाले, "ज्योत थांबलीय. घ्या पुढे. हा शुद्धीवर आला की जीप पाठवतो."

जीप आली नाही. द्राक्षाचे क्रेट नेणाऱ्या एका पिकअपवाल्याने मामाला उचललं. आम्ही त्याला मागच्या फळीवर ठेवत होतो तेव्हा वायर पुन्हा जोडली गेली होती आणि टेम्पो नाशिकच्या दिशेने लांब जात होता. नवा माणूस ज्योत घेऊन पळत होता. माझ्या मांडीवर मामाचं डोकं होतं, तोंडातून शब्द फुटत नव्हता, आणि रस्त्याच्या टोकाकडून त्याचा जय येत होता, लांब, स्वच्छ, न तुटलेला.

दिंडोरीहून त्याला नाशिकच्या सिव्हिलला पाठवलं. लघवी काळ्या चहासारखी झाली होती. डॉक्टर म्हणाले, अंगातली उष्णता मेंदूपर्यंत गेली, स्नायू विरघळून मूत्रपिंडात उतरले. अजून थोडं पळाला असता तर आणायची गरज पडली नसती. मामा वाचला. कारखान्यातून त्याला त्या वेळी जो ब्रेक मिळाला तो कायमचा. मालक आरतीला आलेच नव्हते.

मी पत्रक काढलं. नेहमीसारखं लिहिलं, सोपी वाक्यं, जबाबदार कोण, जाब विचारा. मंडळाने मांडवातून सांगितलं की धावणाऱ्याने ज्योतीचा उपास मोडला होता, म्हणून तो पडला. माझी पत्रकं भिंतीवरून फाडली गेली, आणि उपासाची गोष्ट वसाहतीत घरोघर पोचली. आईला दळणाच्या रांगेत बायका विचारायच्या, काय खाल्लं होतं हो त्याने?

मी अजूनही पत्रकं लिहितो, पण स्पीकर लावलेल्या कुठल्याही गर्दीत आता मी आवाजावर विश्वास ठेवत नाही, तोंडं बघतो. आमच्या मोर्च्यातसुद्धा. घोषणा जोरात येत असते आणि तोंडं मिटलेली असतात, असं मी किती वेळा पाहिलं आहे, आणि स्टेजवरचे पुढारी खूश असतात.

पुढच्या वर्षी मंडळाने पुन्हा एकाच माणसाला पळवायचं ठरवलं. अध्यक्ष तोवर निवडून आले होते. या वेळी पळणारा आमच्या मागच्या गल्लीतला होता, मामाच्याच खात्यात, मामाच्याच जागेवर लागलेला कंत्राटी. संध्याकाळी मी आणि मामा ओट्यावर बसलो होतो. मामा तेव्हा काठी घेऊन थोडा थोडा चालायचा. लांबून हलगी ऐकू आली आणि मामाच्या पायाची बोटं फरशीवर हलायला लागली. त्याने ती बघितली, हाताने दाबून धरली.

मग हाळी आली, आणि तिच्यामागून जय. कॅसेट तीच होती.

आई आतून म्हणाली, "खिडकी लाव रे."

मामा उठला. मला वाटलं खिडकी लावायला उठला. तो पायऱ्या उतरला आणि काठी टेकत वसाहतीच्या कमानीखाली जाऊन उभा राहिला. मी मागे. समोरून तो पोरगा येत होता, मागे टेम्पो, स्पीकरवर लाल दिवे, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ताटं घेऊन बायका. पोराचा शर्ट भिजलेला की कोरडा, ते अंधारून आल्याने मला दिसेना.

मामाने त्याची वाट अडवली. काठी आडवी धरली आणि उरल्यासुरल्या गळ्याने हाळी दिली, "बोल अंबे मात की."

"जय," स्पीकर म्हणाला. मामाच्याच आवाजात.

पोरगा मामाकडे बघत जागच्या जागी पाय आपटत राहिला. टेम्पोतून शिव्या सुरू झाल्या, ज्योत थांबवतो का भडव्या, बाजूला हो. ड्रायव्हरने हॉर्नवर हात ठेवला तो काढेचना. मामा हलला नाही. त्याने मान थोडी पुढे काढली, कान पोराच्या तोंडाजवळ नेला आणि पुन्हा हाळी दिली.

मागून जय आला. मामाने टेम्पोकडे बघितलंसुद्धा नाही. तो पोराच्या तोंडाकडे बघत थांबून राहिला.